वारंगुळ्यात सिओनेची बारी

परभणी

मी मूळची देवगडची. समुद्रापासून लांब गेले की माझा जीव अर्धा होतो, आणि मराठवाड्याशी माझी ओळख म्हणजे लातूरला खाल्लेलं एक लग्नाचं जेवण, बस्स. त्यामुळे पुण्यातल्या एका संस्थेनं "परदेशी पाहुण्याबरोबर दुभाषी म्हणून परभणीला जाल का?" असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. मग कळलं की पाहुणा पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावरून येणार आहे. म्हटलं चला, निदान मासे खाणारा माणूस आहे, दोन शब्द बोलता येतील.

सिओने त्याचं नाव. त्याच्या देशाच्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी. उंचीला आणि रुंदीला दोन्हीकडून भरपूर, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारं गुंडाळायचं वस्त्र. त्यांचा तो सरकारी पोशाख. परभणीच्या स्टेशनवर उतरल्याबरोबर अख्खा फलाट त्याच्याकडे बघायला लागला. त्याला त्याचं काही नाही. त्यानं चहूकडे पाहिलं आणि मला विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "कुठल्याही बाजूला जा, दिवस जाईल."

"मग इथे लोकांना झोप छान लागत असेल," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता हे मला दोन दिवसांनी कळलं.

स्टेशनबाहेर आमचे ड्रायव्हर जमीरभाई गाडी घेऊन उभे होते. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "म्याडम, साहेबाला पुढंच बसवा. मागं बसले तर गाडी एकीकडून झुकंल." मी याचं भाषांतर केलं. सिओने पुढेच बसला आणि बराच वेळ हसत होता.

आता हा माणूस एवढ्या लांब कशासाठी आला होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हवामानाचा जो मोठा जागतिक करार आहे, त्यातून एक बलाढ्य देश बाहेर पडला. नाव घेत नाही, उगाच कुणी म्हणेल बाई राजकारण करते. करतेच आहे म्हणा. तर तो बाहेर पडला, आणि करारातून लहान देशांना जो पैसा मिळायचा होता तोही आटला. सिओनेच्या बेटाला त्या पैशातून समुद्राला थोपवणारी भिंत बांधायची होती. पाणी आता त्यांच्या स्वयंपाकघरात येतं, भरतीला चूल विझते. अशा वेळी दुसरा एक बलाढ्य देश दारात येऊन उभा राहिला. भिंत आम्ही बांधून देतो, म्हणाला, तुमचं बंदर तेवढं आमच्या जहाजांना द्या. त्या बंदरावर सिओनेचं घर आहे. भाऊ तिथूनच होडी काढतो.

सरकारनं सही अजून केली नव्हती. सिओनेला थोडी मुदत मिळाली होती. पुढच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत बाकीचे देश करारामागे उभे राहिले तर भिंतीचा पैसा कसाबसा उभा राहील आणि बंदर वाचेल. बेटवाल्यांचं रडगाणं ऐकून सगळे कंटाळलेत, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याला समुद्रच न पाहिलेल्या शेतकऱ्यांचं बोलणं त्या बैठकीत ऐकवायचं होतं. आपल्यासारख्या मोठ्या देशातले शेतकरी बोलले तर आपलं सरकार ऐकेल, आपलं ऐकलं तर आणखी चार ऐकतील. एवढ्या बारीक दोरीवर सगळं लटकलेलं होतं. हे जमेलसं मला तेव्हाच वाटलं नव्हतं, पण दुभाष्यानं मत द्यायचं नसतं.

पोखर्णी

दुपारी पोखर्णीला गेलो. नृसिंहाच्या दर्शनाला आलेल्या माणसांशी बोलावं, असं संस्थेनं सुचवलं होतं. त्या वर्षी पाऊस थांबता थांबला नव्हता. सोयाबीनच्या उभ्या झाडावर शेंगांना मोड आलेले मी पहिल्यांदा पाहिले. आमच्याकडे भात आडवं होतं तेव्हा निदान पेंढा तरी हाताला लागतो. इथे नुसतं काळं, कुबट वास येणारं पीक उभं.

देवळाबाहेर एक म्हातारबाबा भेटले, डोक्याला टॉवेल बांधलेले. पावसाचं त्यांनी सविस्तर सांगितलं, मी फोनवर टिपून घेतलं. मग त्यांनी सिओनेला उलट प्रश्न टाकला, "तुमच्याकडं देव हाय का?"

सिओने म्हणाला, "आहे. चर्च होतं किनाऱ्यावर. ते पाण्यात गेलं. घंटा आम्ही आत आणून नारळाच्या झाडाला बांधली आहे. रविवारी तिथेच जमतो."

बाबांनी आपल्या पिशवीतला प्रसादाचा नारळ काढून सिओनेच्या हातात दिला. "देव न्यावा लागला का हलवून? लय वंगाळ झालं," एवढंच म्हणाले. ज्या माणसाच्या देशात नारळाशिवाय दुसरं झाड नाही त्याला आपण नारळ देतोय, हे त्यांना सांगायचा मला मोह झाला, पण सिओनेनं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला होता. मी तोंड मिटून बसले.

झरी

दुसऱ्या दिवशी झरीच्या पुढच्या एका लहान गावात जायचं होतं. गावाचं नाव घालू नका, असं तिथल्या बायांनीच मला बजावलं आहे.

डांबरी सोडली आणि काळ्या मातीनं आमचं स्वागत केलं. आमच्या कोकणातला लाल चिखल पाय धुतले की जातो. ही माती चप्पल ठेवून घेते. गाडीचं मागचं चाक असं रुतलं की जमीरभाईंनी स्टिअरिंगला हात जोडले. "साहेबाला पुढं बसवलं तरी मागंच रुतली बगा," असं म्हणत उतरले. शेवटी सिओने उतरला, वस्त्र वर खोचलं आणि एकट्यानं गाडी ढकलून काढली. चिखलानं माखलेला हा धिप्पाड माणूस गावात शिरला तेव्हा बायका आधीच जमून बसल्या होत्या.

जमल्या होत्या सुजाताबाईंच्या ओसरीवर. सुजाताबाई गावातल्या बायकांच्या गटाच्या प्रमुख. पन्नाशीच्या आसपासच्या, सावकाश बोलणाऱ्या. घरात शिरताच कोनाड्यात बुद्धाची मूर्ती. त्यांचे आजोबा छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. सुजाताबाईंनी आम्हाला पाणी दिलं, जयभीम घातला. सिओनेनं तो शब्द लगेच उचलला आणि ओसरीवरच्या एकेकीला हात जोडून "जयभीम" करत सुटला. बौद्ध घरातल्या होत्या त्यांनी हसून जयभीम केला, बाकीच्यांनीही केला. फक्त एक बाई हातच जोडेना. गोदाबाई. मोठं वावर असलेल्या घरातल्या, नाकात ठसठशीत नथ, आणि आवाज असा की पलीकडच्या शिवारात जावा.

"बसवा त्याला," त्या म्हणाल्या. "मला आधी बोलायचंय."

मी सिओनेला सांगितलं, ताई बोलणार आहेत. त्यानं फोन पुढे ठेवला.

"हे बगा," गोदाबाईंनी सुरुवात केली, "सगळ्या दुनियेनं मिळून एक गोष्ट ठरवली. तुमीबी त्यात होते. धूर तुमी सगळ्यात जास्त केला, पैका तुमी सगळ्यात जास्त कमावला. अन् निस्तरायची वेळ आली तवा अंग काढून घेतलं? काय तोंड घेऊन आलाव आमच्या दारात? आमच्या सोयाबीनला मोड आले, ते बगायला आलाव का? शरम कशी न्हाई वाटत?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळच लागला. संस्थेनं आदल्या दिवशी फोनवर निरोप दिला होता, 'करारातून बाहेर पडलेल्या देशाबद्दल बोलायला पाहुणा येतोय.' तो निरोप एका तोंडून दुसऱ्या तोंडात जाताना मधला 'बद्दल' कुठेतरी सांडला होता. 'करारातून बाहेर पडलेल्या देशाचा पाहुणा येतोय' एवढंच गावात पोचलं. आणि एवढा थोराड माणूस म्हणजे मोठ्या देशाचाच असणार, हे तर बघूनच पक्कं झालं.

मी घाईघाईनं सिओनेला म्हटलं, "अहो, यांचा गैरसमज झालाय, तुम्हाला त्या देशाचे समजतायत. थांबवते मी."

"थांबवू नका," तो म्हणाला. "काय बोलतायत ते सगळं सांगा मला."

मग काय करणार? मी एकेक वाक्य इंग्रजीत घालत राहिले. गोदाबाई चढत गेल्या. नदी, आभाळ, त्यांची दोन वर्षांत दोनदा वाहून गेलेली माती, सगळं त्याच्या पदरात घातलं. सिओने मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या पोटरीवरचा चिखल वाळून पांढरा पडायला लागला होता. गोदाबाईंचा दम संपल्यावर त्यानं मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, हे सगळं मला त्या देशाला बोलायचं होतं. आम्हाला इतक्या मोठ्यानं बोलायची सवय नाही. आम्ही लहान आहोत."

मग मी खरं काय ते सांगितलं. बेट, चूल, भिंत, बंदर.

"अग्गं माय!" गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "माय माय माय! अन् मी ह्या लेकराला इतकं बोलले! कामून थांबवलं न्हाई मला कुणी? सुजाता, तुझ्या तोंडात काय मिठाची गुळणी होती का?"

"तुमाला कोण थांबवणार, काकू?" सुजाताबाई म्हणाल्या, आणि सगळी ओसरी हसायला लागली. सिओनेही हसला, मी भाषांतर करायच्या आत.

मग भाकरी आली. ज्वारीची, परातीएवढी, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी वाढू?" असं विचारतात आणि पाहुणा नको म्हणतो. इथे विचारायची पद्धतच नाही. गोदाबाई स्वतः वाढायला उभ्या राहिल्या आणि प्रत्येक भाकरीबरोबर "चुकी झाली बाबा" म्हणत गेल्या. जेवढी शरम तेवढ्या भाकऱ्या. सिओनेनं एकही परत केली नाही.

जेवणानंतर मी करार समजावून सांगायला बसले आणि अडले. पंचवार्षिक, उत्सर्जन, बांधिलकी. ते ओसरीवर कुणाच्याच गळ्याखाली उतरेना, खरं तर माझ्याही नाही. गोदाबाई म्हणाल्या, "इतकं कामून फिरवून सांगायलात? वारंगुळाच की हो तो."

वारंगुळा म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात काम करायचं, उद्या माझ्या, परवा तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, हाताच्या बदल्यात हात. आमच्याकडे याला सावड म्हणतात. ज्याच्या रानात कामाचा दिवस असेल त्याची 'बारी'. मी सिओनेला समजावलं तसा तो सरसावून बसला. त्यांच्याकडेही होड्या बांधताना हेच करतात म्हणे.

"त्यात मोठ्यानं अंग काढून घेतलं तर तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गोदाबाईंनी पदर सारखा केला. उत्तर सुजाताबाईंनी दिलं.

"आधी आमच्या घरांना वारंगुळ्यात धरत नव्हते," त्या म्हणाल्या. "मंजे कामाला बोलवायचे. बारी द्यायचे न्हाई. मोठ्यांची रानं पहिले व्हायची. आमची बारी आली की कुणाची कंबर दुखायलीय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत. मंग एक साल आमी सगळ्या ऐन सुगीत परभणीला कामाला निघून गेलो. एकीनंबी इळा हातात धरला न्हाई. उभी रानं वाळली. तवा ह्या काकू आल्या माझ्या दारात." त्यांनी गोदाबाईंकडे बोट केलं. "मी मनलं, यायलाव आमी. पण ज्याचं रान लहान, त्याची बारी पहिली. मोठ्याचं शेवटी. मोठ्याचं पहिलं केलं की मोठा हात झटकतो."

"खोटं न्हाई बोलायली ती," गोदाबाई म्हणाल्या. "आता माझं रान सगळ्यांच्या शेवटी असतं. दरसाल जीव टांगणीला लागतो. पण हाय ते हाय."

सिओने म्हणाला, "आमच्याकडे उलटं झालं. मोठ्यांची रानं पहिली झाली. आणि तुमच्याकडे न द्यायला हात तरी होते. आम्ही काय रोखून धरणार? नारळ? आमच्याकडचं जगाला हवं असलेलं एकच आहे, बंदर. म्हणून तर ते मागतायत."

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा सुजाताबाई उठून आत गेल्या आणि उगाचच भांडी लावत बसल्या.

त्या दुपारी सुजाताबाईंचीच बारी होती. सिओनेनं विळा मागितला. बायकांची हसून पुरेवाट झाली, कारण तो वाकला की एका वेळी तीन ओळी झाकल्या जायच्या. सोयाबीनचे कापलेले खुंट त्याच्या चपलांतून टोचत होते, बोटं रक्ताळली होती, पण तो दिवस मावळेपर्यंत हटला नाही. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बायकांनी आपलं म्हणणं फोनवर रेकॉर्ड केलं. गोदाबाईंनी सकाळचंच सगळं पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर माणसाला उद्देशून. शेवटी सगळ्या एकदम म्हणाल्या, "ह्या लेकराची बारी पहिली करा." मला सांगायला लाज नाही वाटत, मी धुऱ्यावर बसून रडले. हे ऐकून दगड तरी कसा नाही हलणार, असं मला त्या संध्याकाळी मनापासून वाटत होतं.

जिंतूर

दगड हलत नाहीत हे दुसऱ्या दिवशी सकाळी जिंतूरच्या बसस्टँडसमोर, चहाच्या हॉटेलात कळायला सुरुवात झाली. शेजारच्या टेबलावर कापसाच्या व्यापारातले एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. चांगले शिकलेले, बोलायला अदबशीर. पाहुणा कोण, कशाला आला, सगळं विचारून घेतलं, आमच्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले. मग म्हणाले, "साहेबाला वाईट वाटू देऊ नका, पण मला सांगा, ज्यांनी सगळ्यात जास्त धूर केला ते मजेत बाहेर पडले. मग आपणच कामून बांधून घ्यायचं? त्यांनी मौज करायची अन् आपण सबर करायचा? आपल्या पोरांना कारखाने नकोत, वीज नको? आपणबी बाहेर पडावं, झंझट खतम."

मला राग आला, पण तो धरून ठेवता येईना. कारण माणूस वाईट नव्हता आणि बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मी सिओनेला भाषांतर करून सांगितलं.

तो म्हणाला, "हेच वाक्य मी जिथे गेलो तिथे ऐकलंय. मंत्र्यांच्या तोंडून, राजदूतांच्या तोंडून. यांनी निदान चहा पाजला." मग गृहस्थांकडे वळून म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. एक जण बाहेर पडला की आत राहणारा मूर्ख दिसतो. पण तुम्ही सगळे त्याच्यावर रागावून बाहेर पडता, आणि बुडतो आम्ही. त्याला काही होत नाही."

गृहस्थ वरमले. पेपरची घडी केली, "तेबी खरंच हाय," म्हणाले. पण त्यांचं मत बदललं नाही, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या जागी मी असते तर माझंही बदललं नसतं कदाचित.

दुपारी जमीरभाईंनी आम्हाला येलदरीला नेलं. धरणाच्या अलीकडे तळलेले मासे मिळतात असं त्यांना माहीत होतं. मराठवाड्यात मासे! मी तर उडालेच. गोड्या पाण्याचे, मातीचा किंचित वास असलेले, लाल मसाल्यात बुडवून कढईतून थेट ताटात. देवगडात कुणी असे वाढले असते तर मी नाक मुरडलं असतं. इथे बोटं चाटली. सिओने पाण्याकडे तोंड करून बसला होता, परभणीत उतरल्यापासून पहिल्यांदा खांदे सैल सोडून. भावाला येलदरीचा फोटो पाठवणार होता, 'बघ, इथेही मासे धरणारं आपलं कुणीतरी आहे' म्हणून.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून काठाशी गेला. त्याच्या भाषेत बोलत होता, मला काही कळत नव्हतं, पण पाठ दिसत होती. परत आला तेव्हा त्यानं ताट हळूच बाजूला सरकवलं.

"सही झाली," तो म्हणाला.

मी विचारलं, "मुदत होती ना?"

"मोठ्या भरतीत किनाऱ्यावरचा दवाखाना गेला. सरकार थांबू शकलं नाही. मी असतो तर मीही सही केली असती." मग त्यानं बंदराच्या करारातलं एकेक कलम सांगितलं. भिंत मिळणार. बंदर जाणार, त्यावरची घरं आत हलवणार. आणि बाहेरच्या कुठल्याही बैठकीत त्यांच्या देशाला काही बोलायचं असेल तर आधी नव्या मित्राला विचारायचं.

"म्हणजे बायांचं ते रेकॉर्डिंग?"

"आमच्या नावानं नाही वाजवता येणार. नवा मित्र धूर काढण्यात पहिल्यापेक्षा फार मागे नाही."

मला संताप आला. कुणाचा, तेच कळेना. एका देशानं घरी बसून एक कागद फाडला. दुसऱ्याला त्यातून बंदर मिळालं, तिसऱ्याला बाहेर पडायला निमित्त मिळालं, आणि या भल्या माणसाच्या देशाची वाचाच गेली. जमीरभाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी सिओनेचे मासे कागदात बांधून घेतले आणि गाडीत ठेवले, वाटेत भूक लागली तर म्हणून.

सिओनेचं विमान दोन दिवसांवर होतं. मी म्हटलं, सरळ पुण्याला जाऊ. तो म्हणाला, "नाही. त्या बायकांना मी स्वतः सांगणार. त्यांनी माझ्यासाठी एवढा आवाज काढला."

पुन्हा झरीकडे

सकाळी पोचलो तेव्हा सगळ्या बायका गोदाबाईंच्या रानात होत्या. शेवटची बारी. रान मोठं, पश्चिमेकडून आभाळ भरून आलेलं, आणि सोयाबीन आता नाही कापलं तर मातीत जाणार हे मलासुद्धा दिसत होतं. गोदाबाई इकडून तिकडे पळत होत्या, "चला गं चला, हात चालवा," म्हणून ओरडत. आम्हाला बघून त्यांना केवढा आनंद झाला! "आला गं माझा पैलवान! द्या त्याला इळा!"

सिओनेनं विळा घेतला नाही. तो उभा राहून बोलला आणि मी मराठीत सांगत गेले. सही झाली. बंदर गेलं. तुमचं बोलणं तिथे ऐकवता येणार नाही. मला माफ करा.

विळे थांबले. मग सुजाताबाईंनी आपला विळा धुऱ्यावर ठेवला आणि गोदाबाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गोदाबाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आपल्या उभ्या रानाकडे.

"ठेवा गं इळे," त्या म्हणाल्या.

एकेक करत सगळ्यांनी विळे खाली ठेवले आणि येऊन धुऱ्यावर सिओनेच्या अवतीभवती बसल्या. त्याला काही कळेना. मलाही कळेना. मी सुजाताबाईंना विचारलं, "हे काय चाललंय?"

"वारंगुळ्यात एखाद्याची बारी यायच्या आत त्याचं रान गेलं, नदीनं नेलं, आग लागली, तर त्याचा दिवस बुडवायचा नसतो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कुणाच्याच रानात इळा लावायचा न्हाई. सगळ्यांनी त्याच्यापाशी येऊन बसायचं. दिवस त्याचा असतो."

"पण तो तुमच्या वारंगुळ्यात कुठे आहे?"

"माझ्या रानात त्यानं रक्त निघंपर्यंत हात चालवला की. त्याचा हात आमच्याकडं बाकी हाय. त्याच्या बेटावर जाऊन आमी काय करणार, म्याडम? बसू तरी शकतो."

मी सिओनेला सांगितलं. त्यानं ऐकलं, मग रानाकडे हात करून घाईघाईनं म्हणाला, "नको, नको. त्यांना सांगा, पाऊस येतोय. यांचं पीक जाईल. मी कापू लागतो, उठा म्हणावं सगळ्यांना." आणि तो खरंच विळा उचलून उठला.

गोदाबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला खाली ओढलं. एवढा मोठा माणूस, पण बसला.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "माझं गेलं तर पीक जाईल. रान हितंच राहणार हाय."

हेही मी त्याला सांगितलं. त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. गोदाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आपल्या उभ्या पिकाकडे पाठ करून.

दिवस मावळायच्या कितीतरी आधी पाऊस आला. बायकांनी पोत्यांच्या खोळी करून डोक्यावर घेतल्या, एक सिओनेच्या डोक्यावर घातली, एक माझ्या. कुणी उठलं नाही.